खाडीच्या बांधांसाठी सिस्टिम निवडताना

सरकारी ऑफिसात किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. चहा येईपर्यंत एक घडतो, चहा निवेपर्यंत दुसरा. त्यात आमच्या खात्यानं नवीन कॉम्प्युटर सिस्टिम निवडायचं ठरवलं, मग तर विचारूच नका.

आमचं काम खाडीचे बांध सांभाळायचं. बांध फुटला की खारं पाणी भातशेतीत शिरतं आणि पुढं कितीतरी वर्षं जमीन पिकत नाही. फुटल्याची खबर भरतीच्या आधी आमच्यापर्यंत पोचावी, एवढ्यासाठी सिस्टिम हवी होती. निवड समितीत तिघं: पेणचे आमचे म्हात्रेसाहेब, रोह्याच्या ऑफिसातल्या पाटील मॅडम आणि कॉम्प्युटरला न घाबरणारा म्हणून मी.

*

पहिल्या कंपनीनं पेणला येऊन उपग्रहाचा नकाशा दाखवला. मॅडम बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

"यात माझं माहेर कुठाय?"

"मॅडम, फोटो उधाणाच्या भरतीचा आहे. तिथं पाणीच दिसतंय."

मॅडम उठल्या, पडद्याजवळ गेल्या आणि निळ्या रंगावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे आमचं अंगण."



*

दुसऱ्या कंपनीचा डेमो रोह्याला. पडदे ओढले, प्रोजेक्टर लावला आणि लाइट गेली. खिडक्या उघडल्या तसा कुंडलिका नदीवरचा वारा आत आला.

कंपनीचा मॅनेजर शांत माणूस. "मी तोंडी सांगतो," म्हणाला. "शेतकरी फोन करतो. इकडे दिवा लागतो. साहेब बघतात. मातीच्या गोण्या निघतात. भरती यायच्या आत माणसं बांधावर उभी."

आम्ही डोळे मिटून ऐकत होतो. इतकं सुंदर ऑफिस मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मग लाइट आली. सिस्टिमनं पासवर्ड मागितला, तो मॅनेजरला आठवेना.

"लाइट अजून जरा उशिरा आली असती, तर बरं झालं असतं," मॅडम म्हणाल्या.

*

तिसऱ्या कंपनीच्या सिस्टिमला फोनवर नुसतं बोललं तरी चालायचं. ती ऐकून लिहून घ्यायची. रोह्याजवळच्या अष्टमी गावचा आमचा शिपाई गणपत फोनवर म्हणाला, "खांड पडली." बांध फुटून पाण्याला वाट झाली की आमच्याकडे तिला खांड म्हणतात.

पडद्यावर उमटलं: 'खंड पडला.'

कंपनीचा इंजिनिअर ओशाळला. साहेब म्हणाले, "दुरुस्त करा. पण तसं चूक नाय ते."

*

हीच सिस्टिम आम्ही पेणजवळच्या एका खाडीकाठच्या गावात चाचणीला लावली. बांधालगत राहणाऱ्या नर्मदाकाकींना नंबर लिहून दिला. त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. मशीननं विचारलं, "आपली तक्रार सांगा."

"तक्रार नाय काय. पाणी निवांत हाय. तुम्ही जेवून घ्या."

दुसऱ्या संध्याकाळीही तेच. मग रोजच. इंजिनिअर म्हणाला, "सर, असे कॉल आपोआप गाळता येतील."

"गाळू नका," साहेब म्हणाले. दिवसाचं काम आटोपलं की ते तो कॉल लावून ऐकायचे आणि मगच घरी निघायचे.

एका संध्याकाळी फोन आला नाही. साहेब थोडा वेळ थांबले, मग त्यांनी जीप काढायला सांगितली. मीही बसलो.

काकी बांधावर बसल्या होत्या. बांध शाबूत होता. ओहोटी लागलेली, चिखलावर बगळे उतरत होते.

"काकी, फोन नाय केलात?"

"बघत बसले नि राह्यलं. बस की रे."

साहेब बूट काढून त्यांच्याशेजारी बसले. उजेड जाईपर्यंत दोघं पाण्याकडे बघत होते. मग साहेबांनी खिशातून मोबाइल काढला आणि आपल्याच सिस्टिमचा नंबर लावला.

"तक्रार नाय काय," ते हळू आवाजात म्हणाले. "पाणी निवांत हाय."