हरिबाची उसनी भिंत

उंबरखडीत कुणाला काही कमी पडलं, की लोक दुकानात जात नसत, हरिबाच्या दारात जात. शिडी हरिबाची, पहार हरिबाची, लग्नातल्या भाताचा मोठा हंडा हरिबाचा आणि म्हैस चिखलात रुतली की लागणारा जाड दोरही त्याचाच. वस्तू परत कधी आणणार, हे विचारायला त्याची जीभच वळत नसे. बायको राहीबाई म्हणायची, "आवं, एक दिस मलाबी उसनी द्याल कुणाला तरी." हरिबा नुसता हसायचा आणि हसता हसता समोरच्याला पहार काढून द्यायचा.

अशा माणसाची भिंत पडली आणि गावानं तीही उसनी नेली, यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

पाटणच्या वरच्या अंगाला पाऊस पडतो तो काही विचारून पडत नाही. गेल्या साली आषाढात सलग नऊ दिवस तो कोसळला आणि दहाव्या दिवशी सकाळी हरिबाची मागच्या परड्याकडची भिंत अर्धी खाली आली. जुनी दगडमातीची भिंत. दगड परड्यात, माती चुलीपर्यंत. उरलेला अर्धा भाग तेवढा उभा राहिला, आणि त्यावर दिव्याच्या कोनाड्याशेजारी अंकितानं, म्हणजे हरिबाच्या एकुलत्या एका लेकीनं, सातवीत असताना नीळ आणि गेरूनं काढलेला मोर. मान वाकडी, पाय दोन्ही एकाच बाजूला. पण मोर होता, यात शंका नव्हती.

आठ दिवसांत बातमी आली की पडझड झालेल्या घरांना दुरुस्तीसाठी सरकारी अनुदान मिळणार. अर्ज, घराचा उतारा, आधार, पासबुक आणि पडलेल्या घरापुढे उभ्या असलेल्या मालकाचा फोटो. इथंच गावाची पंचाईत झाली. घरं सगळ्यांचीच गळत होती, भिंतींना पोपडे आले होते, कुठं कौलं सरकली होती. पण फोटोत दिसेल असं, बघताच साहेबाचं काळीज हलेल असं पडलेलं घर गावात एकच होतं.

पहिला आला शेजारचा केरबा. नवीन शर्ट घालून, भांग पाडून.

"हरिबा, तुझी भिंत जरा दे की."

"घे की रं," हरिबा म्हणाला. केरबानं शिडी मागितली असती तर तो जसं म्हणाला असता तसंच म्हणाला.

मग मनुबाई आली. ती एकटी विधवा, तिचं छप्पर खरंच गळत होतं, पण गळती फोटोत येत नाही. ती आपली शेळी घेऊन आली, म्हणजे घर तिचंच वाटावं. राहीबाईनं आपली भांडी तेवढ्यापुरती बाजूला केली. मग आणखी चार जण आले. शेवटी आले आप्पासो. हे पूर्वी पंचायतीत सदस्य होते आणि अजूनही गावाचं सगळं त्यांना विचारूनच चालायचं. त्यांच्या घराची एकच फरशी हलत होती. पण कडक इस्त्रीचा सदरा घालून ते ढिगाऱ्यापुढे असे उभे राहिले, की क्षणभर हरिबालाच त्यांची दया आली. पाऊस भुरभुरत होता म्हणून त्यानं त्यांच्या डोक्यावर छत्रीही धरली, फोटोत येणार नाही अशा बेतानं.

"आन माझा अर्ज?" हरिबानं विचारलं.

"तुझी काय घाई?" आप्पासो म्हणाले. "तुझी भिंत तर खरीच पडल्याली हाय. खऱ्याला कवाबी मिळतंय. आधी आमचं गडबडीचं जाऊ दे."

हरिबाला ते पटलं. हाच त्याचा मोठा दोष होता, त्याला सगळंच पटायचं. सातांना अनुदान मिळालं. मनुबाईचं छप्पर झालं, तेवढं एक चांगलं झालं. बाकी कुणाकडं लोखंडी गेट आलं, कुणाकडं टीव्ही, आणि आप्पासोंची फरशी मात्र हलतच राहिली. हरिबानं भिंतीच्या जागी निळी ताडपत्री ओढली आणि वर्ष काढलं.

या वर्षी होळीनंतर सांगलीहून अंकिताचा फोन आला. तिला माधवनगरात दिली होती. जावई धैर्यशील मुलगा चांगला, पण घरात शब्द सासूचा. पाचवा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायची तिची फार इच्छा होती. सासूनं मात्र फोन हातात घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "ताडपत्रीच्या घरात बाळंतीण ठेवायची न्हाई. भिंत हुबी ऱ्हायली की सातव्यात धाडतो. न्हाईतर हितंच करू." तिचंही काही चुकत नव्हतं. हेच हरिबाला जास्त लागलं. दोन दिवस त्याला भाकरी गोड लागली नाही. राहीबाई तर ताडपत्रीकडं बघून नुसती डोळे पुसायची.

मग त्यानं अर्ज केला. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतःसाठी मागितलं.

तालुक्याच्या कचेरीत दीपमाला नावाच्या नव्या अभियंता बाई आल्या होत्या. बदलून येऊन दोनच महिने झाले होते, त्यामुळे त्या अजून कागद वाचत असत. अंकिताला सातवा लागायच्या सुमारास त्यांनी हरिबाला बोलावलं, त्याचा फोटो पाहिला, मग कपाटातून उंबरखडीचा गठ्ठा काढला आणि टेबलावर सात फोटो मांडले. सात माणसं, एक शेळी आणि सातही फोटोंत तोच वाकड्या मानेचा मोर.

"काका, हा मोर तुमच्या गावात सात घरांत आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं आठवं. आणि या सातांना भिंतीसाठी पैसे मिळून वर्ष होत आलंय. म्हणजे कागदोपत्री ही भिंत सात वेळा बांधून झाली आहे."

"बाईसाहेब, भित माझी हाय."

"ते सातजणही हेच म्हणाले असणार. गुरुवारी मी येते. ज्याची भिंत खरी, त्याचं अनुदान खरं. बाकीच्यांकडून वसुली."

हरिबा एस.टी.त बसला तेव्हा त्याच्या मनात एकच सरळ विचार होता. गुरुवारी खरं सांगायचं. भिंत त्याची, मोर त्याच्या लेकीचा. अंकिता आली पाहिजे.

पण बातमी त्याच्या आधी गावात पोचली होती. घरी पोचतो तो सातहीजण अंगणात बसलेले. मनुबाई एका कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसली होती. "माझ्याकडं काय हाय परत द्याला? शेळी न्हेतील," ती एवढंच म्हणाली.

"कुणीबी रडायचं न्हाई," आप्पासो म्हणाले. "ती बाई बघाया येणार पडल्याली भित. पडल्याली भितच न्हाई तर ती बघणार काय? आज सोमवार. बुधवारच्या दिस मावळायच्या आत हरिबाची भित हुबी करायची."

आणि काय सांगावं, जे गाव वर्षभरात त्या ढिगाऱ्यातला एक दगड उचलू शकलं नव्हतं, ते गाव तीन दिवस खपलं. सिमेंटचे ब्लॉक आले, वाळू आली, खालच्या वाडीतला गवंडी उचलून आणला. आप्पासोंनी स्वतः घमेली वाहिली, सदरा काढून. पहार आणि शिडी अर्थातच हरिबाची होती. तिसरी पायरी मोडकी म्हणून राहीबाईनं तिला आपल्या जुन्या लाल लुगड्याची चिंधी बांधली होती.

मोराचा तुकडा पाडायची वेळ आली तेव्हा मात्र हरिबा पहार हातात घेऊन उभाच राहिला. केरबानं ती हळूच काढून घेतली. दोन घावांत मोर गेला. राहीबाई आत निघून गेली. हरिबाला वाटलं, भिंत पडली तेव्हासुद्धा इतकं वाईट वाटलं नव्हतं.

गुरुवारी दीपमालाबाई आल्या. चुन्यानं पांढरीशुभ्र भिंत त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत पाहिली. चुन्याचा वास अजून जात नव्हता.

"काका, मोर कुठं गेला?"

हरिबानं मागं बघितलं. सातहीजण ओळीनं उभे होते. मनुबाईनं शेळीची दोरी दोन्ही हातांनी धरली होती. पुढं भिंत उभी होती, पक्की, आणि ती कुणी का बांधली हे त्याला नीट ठाऊक होतं. तरी अंकिता आता येऊ शकत होती, हेही ठाऊक होतं.

"म्या दुसऱ्याच्या भिंतीचा फोटू लावला हुता, बाईसाहेब," तो म्हणाला. "चूक झाली."

बाईंनी त्याच्याकडं रोखून पाहिलं. त्यांना बहुतेक सगळं कळलं होतं. पण कळलेलं लिहायला कागदावर रकाना नसतो. त्यांनी हरिबाच्या अर्जावर 'खोटी माहिती' असा शेरा मारला आणि त्याची सही घेतली. मग सातांकडं वळून म्हणाल्या, "तुमची दुरुस्ती कागदावर झालीय ना? मग पंधरा दिवसांत दुरुस्त भिंतीपुढं उभं राहून प्रत्येकानं फोटो द्यायचा. नाहीतर वसुली."

रविवारी अंकिता आली. धैर्यशील तिला सोडून लगेच परतला. घरात जायच्या आधी ती परड्यात गेली आणि तिथूनच ओरडली, "आबा, माझा मोर कुठाय?" हरिबानं तिची पिशवी उचलून घरात नेली. दुसऱ्या दिवशी तिनं आईकडून नीळ आणि गेरू मागून घेतला आणि जडपणानं खाली वर होत त्याच जागी मोर काढला. मान पुन्हा वाकडी आली. पोरीला मोर तेवढाच येत होता.

मंगळवारी सकाळी आप्पासो हजर. इस्त्रीचा सदरा, हातात फोन. मागं बाकीचे सहा रांगेत.

"हरिबा, भित दे जरा. दुरुस्तीचा फोटू काढायचाय." मग त्यांची नजर मोरावर गेली. "आरं हे काय! ह्ये पुसाया लागंल. ती बाई ह्यो मोर वळखती."

केरबा ओलं फडकं घेऊन पुढं झालासुद्धा. अंकिता दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"न्हाई," हरिबा म्हणाला.

सगळे थबकले. हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. त्यालाही तो नवाच होता, म्हणून त्यानं तो परत एकदा म्हणून बघितला. "न्हाई. पयला तुमीच पाडला. ह्यो न्हाई पुसायचा. आन माझी भितबी आता न्हाई मिळायची. हिच्याम्होरं माझी पोर बसणार हाय."

"मग आमी काय करायचं?" आप्पासो चिडून म्हणाले.

"आपापली घरं नीट करा की. पैसं त्येच्यासाठीच मिळाल्यात."

शिव्या बऱ्याच झाल्या. केरबा तर आठवडाभर बोलला नाही. पण पंधरा दिवस थोडे होते आणि वसुलीची भीती मोठी होती. उंबरखडीत त्या पंधरवड्यात सात घरं खरोखर दुरुस्त झाली. भेगा बुजल्या, पोपडे निघाले, कौलं जाग्यावर बसली. आप्पासोंची फरशीदेखील हलायची थांबली. शिडी मात्र हरिबानं प्रत्येकाला दिली, तीही परत कधी आणणार हे न विचारता. तो काही शिडी न देणारा माणूस नव्हे.

पुढं अंकिताला मुलगी झाली. बाराव्या दिवशी दीपमालाबाई गावात आल्या होत्या, त्या पाळण्याचा आवाज ऐकून परड्याच्या बाजूनं आत डोकावल्या. भिंतीवरचा मोर त्यांनी पाहिला, पाहतच राहिल्या. मग पिशवीतून सात फोटो काढून हरिबापुढं धरले. सात माणसं, सात वेगवेगळी घरं, आणि सातही घरांना टेकलेली, तिसऱ्या पायरीला लाल चिंधी बांधलेली एकच शिडी.

"काका, तुमच्यावरचा तो शेरा मला काढता आला नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लिहायची सोय आहे, खोडायची नाही. पंचायतीच्या फळ्यावर यादी लागेल. सात लाभार्थी आणि खाली खोटी माहिती देणारे म्हणून तुम्ही एकटे."

हरिबानं फळ्याचा विचार केला. मग पाळण्याकडं बघितलं आणि म्हणाला, "लावा. पर फळा पंचायतीत लय वर हाय, बाईसाहेब. शिडी लागंल. घिऊन जावा."