सिसिली हिरवी होती का?

हावीस आपल्या मुलाची सोयरीक पक्की करायला आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "गोडिथा, एकच विचारते. तुझी सिसिली लहानपणी खरंच हिरवी होती का गं?"

गोडिथाचे पिठाचे हात तसेच थांबले. बऱ्याच वर्षांपूर्वी, ऐन कापणीत, लांडग्यांसाठी खणलेल्या खड्ड्यापाशी गावाला दोन पोरं सापडली होती. भाऊ आणि बहीण. त्यांचं बोलणं कुणाला कळेना. स्वतःचं मूल नसलेल्या गोडिथाने दोघांना घरी आणलं. कच्च्या शेंगांशिवाय ती पोरं कशाला तोंड लावत नव्हती. भाऊ हिवाळ्यात गेला. बहीण, म्हणजे सिसिली, हळूहळू भाकरी खायला लागली आणि उजळली. तेव्हापासून गोडिथाला सगळे 'हिरवीची आई' म्हणायचे.

पण हिरवी? पहिल्या आंघोळीचं पाणी हिरवं झालं होतं, ते कपड्यांच्या रंगानेही असेल. त्या साली परक्या विणकरांची घरं जाळली होती, त्यांचीच पोरं असतील. उपासमारीनेही कातडी हिरवट पडते. की सगळं गाव म्हणत होतं म्हणून तिलाही तशीच दिसली?

"छे गं," ती म्हणाली. "फिकुटलेली होती. लोकांना बोलायला काहीतरी हवंच."

चुलीपाशी बसलेली सिसिली ताडकन उठली. "आई, मी हिरवी होते. आमच्याकडे ऊनच नव्हतं, सगळे हिरवे होते."

"तुला काय आठवतंय? एवढीशी होतीस. ते तुला गावाने सांगितलंय."

"असेल. पण भावाचं मला तेवढंच आठवतं, त्याचा हिरवा हात. तोही नव्हता म्हणतेस?"

गोडिथाने हिरवी होती म्हणावं तर सोयरीक मोडते, नव्हती म्हणावं तर पोरीचा भाऊच पुसला जातो. आणि खरं काय, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

"होती," ती शेवटी म्हणाली. "थोडीशी."

"थोडीशी म्हणजे? कोबीइतकी, की कोवळ्या शेंगेइतकी?"

"ते... त्या त्या दिवसावर असायचं."

हावीसने सिसिलीचा हात दारातल्या उजेडात नेऊन उलटसुलट पाहिला. नखंसुद्धा पाहिली. "आणि माझी नातवंडं तशी निघाली तर? कधी उजळतात?"

"पोटभर भाकरी मिळाली तर वर्षाच्या आत."

"भाकरीला आमच्याकडे तोटा नाही," हावीस म्हणाली आणि बाकावर ऐसपैस बसली.

गोडिथा पुन्हा पीठ मळायला लागली. आपण खरं बोललो की खोटं, हे सिसिलीला विचारावं असं तिला वाटलं; पण सिसिली सासूला भावाच्या हाताचा रंग नेमका कसा होता ते समजावून सांगत होती.