तात्यांचा मुआयना

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. गॅरेजमधल्या डब्यात बिनकामाचे नट-बोल्ट साठावेत तसे ते साठतात, आणि एक दिवस डबा पालथा झाला की कळतं, अरे, एवढे झाले!

आमचा डबा पालथा झाला तो सूनबाईंच्या फोनमुळे. तात्या म्हणजे रिटायर्ड सुभेदार आणि आमच्या रविवारच्या मोटारसायकल मंडळाचे कमांडर. बाकी सैन्य तिघांचं: ऊसवाला बापू, गणिताचे कुलकर्णी सर आणि कॉलेजात क्लार्क असलेला मी. तात्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी त्यांना गाडी बंद करायला सांगितलीय. डोळ्यांच्या पडद्याला त्रास आहे, चष्म्यानं भागायचं नाही. घरात कुणाचं ऐकत नाहीत. तुम्ही तिघं सांगा."

उसाचा सीझन, रस्ताभर ट्रॉल्या. सांगायला तर हवंच होतं. तिघं चहाला बसलो आणि कसं सांगायचं ते सोडून जुनंच आठवत राहिलो.

तात्यांचा नियम एकच. मलकापुरातल्या पंपावर जमायचं आणि मुआयना झाल्याशिवाय कुणी गाडी चालू करायची नाही. मुआयना म्हणजे तपासणी, हा शब्द त्यांनी फौजेतून आणलेला. माझ्या पहिल्या रविवारी मी गाडी धुऊन, पुसून, चकाचक करून नेली. तात्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकून टायर दाबला आणि विचारलं, हवा कधी भरली? म्हटलं, भरली होती की, गेल्या महिन्यात.

"आन जेवलास कवा? गेल्या म्हयन्यातच का?"

*

कुलकर्णी सर साइड स्टँड वर घ्यायचं हमखास विसरायचे. एकदा सर निघाले आणि तात्या मागून ओरडले, "सर, पाय वर!" सर शिस्तीचा माणूस. त्यांनी ताबडतोब स्वतःचे दोन्ही पाय वर घेतले. पंपासमोरून सर तसेच तरंगत गेले. हवा भरायला थांबलेली माणसं बघतच राहिली.

"आवं तुमचा न्हाई," तात्या मागून पळत, "गाडीचा!"

*

बापूनं नव्या गाडीचे आरसे काढून ठेवले होते, गाडी देखणी दिसते म्हणून. तात्यांनी त्याला पंपावरूनच परत पाठवलं. पुढच्या रविवारी बापू आरसे लावून हजर. तात्यांनी त्याच्या गालाला गाल लावून आरशात डोकावलं. आरशात फक्त बापू.

"मागचा ट्रक तुज्या मिशीतनं येणार हाय व्हय रं?"

*

खंडाळ्याला तात्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. नवरदेवानं हट्ट धरला, मांडवात बुलेटवरूनच येणार. तात्यांनी भर रस्त्यात नवरदेवाचा मुआयना मांडला. ब्रेक बघितले, चेन बघितली, मग उपरण्याची लोंबती टोकं कमरेला खोचायला घेतली, मुंडावळ्या हेल्मेटखाली सारल्या. भटजी घड्याळ दाखवून रडकुंडीला आले.

तात्या शांतपणे म्हणाले, "मुहूर्त दुसरा मिळंल. उपरणं चेनीत गेल्यावर नवरा कुठला आणायचा?"

*

हसून हसून चहा गार झाला. मग मूळ काम आठवलं. हा माणूस पंपावर नसेल तर रविवार करायचा काय, हेच कळेना. शेवटी ठरलं, सर बोलतील. शिक्षक आहेत, बोलायची सवय आहे.

रविवारी सरांनी घसा खाकरून सुरुवात केली, "तात्या, वयोमानानुसार..." तोवर तात्या बापूच्या गाडीमागे जाऊन उभे राहिले होते. ब्रेक लाइट आपली आपल्याला दिसत नाही, म्हणून एकानं ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्यानं मागून सांगायचं, अशी आमची पद्धत.

बापूनं ब्रेक दाबला. लाइट लागली, लालभडक.

"न्हाई," तात्या म्हणाले.

बापूनं परत दाबला.

"न्हाई."

मी सरांकडे बघितलं. सर जमिनीकडे बघत होते. बापूनं मान वळवली, आमची तोंडं बघितली आणि तो काय ते समजला.

"बल्ब गेला असंल, तात्या," तो म्हणाला. "आज ऱ्हाऊ द्या. न्हाई जायचं."

तात्यांनी त्याला ब्रेक दाबून धरायला सांगितलं, खाली बसले आणि लाइटच्या पुढ्यात तळहात धरला. मग तो तळहात डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. हात लाल झाला होता. बराच वेळ ते तसेच बघत बसले.

उठले तेव्हा खिशातून आपल्या गाडीची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. स्वतःच्या हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला आणि बापूच्या मागे जाऊन बसले.

"बल्ब चांगला हाय, गड्या," ते म्हणाले. "चल की. थांबलायस कशाला?"