पलीकडच्या काठावरची पंगत

ब्रह्मपुरीच्या स्टँडवर मी जीप भरायची वाट पाहत बसले होते, मांडीवर भाजीची पिशवी. ड्रायव्हर आमच्याच गावचा. मागे वळून म्हणाला, "मॅडम, पलीकडच्या बाई गेल्या म्हणे. सकाळीच." पलीकडच्या बाई म्हणजे शीला. वैनगंगेच्या चंद्रपूरकडच्या काठावर तिची जिल्हा परिषद शाळा, समोर गडचिरोलीच्या काठावर माझी. मधे नदी, आणि नदीतूनच जिल्ह्याची हद्द गेलेली. आठवड्यापूर्वी फोनवर कसल्याशा क्षुल्लक गोष्टीवरून माझ्याशी भांडली होती, ते भांडण अजून मिटायचं होतं. मी पिशवी घेऊन जीपमधून उतरले आणि तिच्या गावाकडची दुसरी जीप धरली.

पोचून पाहते तर माझं गाव माझ्याआधी हजर. डोंग्यातून नदी ओलांडून आले होते सगळे, शाळेतली पोरंसुद्धा. अंगणात माझी शेजारीण अनसूया हुंदके देऊन रडत होती. माझी आई वारली तेव्हा हीच अनसूया डोळ्याला पदर लावून लगेच चहाला बसली होती. मैत्रिणीच्या मयतीत उभं राहून असली तुलना करू नये, हे मलाही कळतं. पण मन तिथंच जाऊन बसलं, काय करू… बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा आमच्या ढिवरांची, नदीवर मासे धरणाऱ्यांची, पोरं हात जोडून सगळ्यांच्या पुढे उभी होती. मी स्वतः ढिवराची लेक. ती पोरं माझ्या नात्यागोत्यातली. आणि डोळे पुसत होती तिच्यासाठी.

हेवा जुनाच म्हणायचा. डी.एड.ला आम्ही एका खोलीत राहायचो. मेसच्या मावशी भाताची तळाची खरवड न मागता शीलाच्या ताटात टाकायच्या. मी मागितली तर म्हणायच्या, "संपली वं बाई." शीला त्यातली अर्धी मला द्यायची. मी ती खायचीही, आणि खाताना मला रागही यायचा. तिनं काही केलेलं नसायचं, हीच तर खरी पंचाईत. काही केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. माणसं आपणहून तिच्याकडे जात. माझ्याकडे यायला त्यांना काम लागायचं.

पण मी लिहायला बसले ते उन्हाळ्याच्या जेवणाबद्दल. आमच्याकडे उन्हाळा लागला की ढिवरांची घरं गावात राहत नाहीत. पाणी ओसरलं की नदीच्या वाळूत टरबूज-काकडीच्या वाड्या लावायच्या, तिथंच झोपड्या घालायच्या. मायबाप पहाटेपासून घागरीनं वेलांना पाणी घालतात, पोरं रात्रीचा शिळा भात खाऊन दिवसभर काकड्या चघळत हिंडतात. शाळा चालू असते तोवर दुपारची खिचडी तरी मिळते. सुट्टी लागली की तीही बंद. मग एका वर्षी हुकूम आला, दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत सुट्टीतही शाळेत जेवण शिजवायचं, खर्च सरकारचा. शीलाचा तालुका यादीत होता, माझा नव्हता. नदी तीच, ऊन तेच. मी पंचायत समितीत जाऊन बसले. तिथले बाबू म्हणाले, "मॅडम, तुमच्या भागात पाऊस बराबर पडला ना कागदावर. मी का करू?" मी चहा न घेताच उठले.

आठ दिवसांत माझी पोरं वाळू तुडवत, गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाऊ लागली. शीलानं त्यांनाही पंगतीत बसवलं. आधी गावची बैठक घेऊन उघड विचारलं, आणि गावानं घराघरातून तांदूळ दिला. सरकारी शिधा तिच्या पोरांचा, गावचा तांदूळ माझ्या पोरांचा, शिजायचं एकाच गंजात. मी तणतणत गेले. म्हटलं, माझी पोरं तू मला न विचारता कशी जेवायला बसवतेस? ती वाढत होती. हातातला डाव खाली न ठेवता म्हणाली, "वाळूवरचं पोट्टं कोणत्या जिल्ह्याचं, सांग मले. मंग वापस पाठवतो."

ती हसली. "काऊन वं कुंदे, एवढी जळून राह्यली? बस, जेव." मी बसले नाही. खरंच जळत होते. शाळा उघडल्यावर 'माझे आवडते शिक्षक' हा निबंध दिला, तर अर्ध्या वर्गानं शीलावर लिहिला. 'पलीकडच्या बाई स्वतः वाढतात, पलीकडच्या बाई मोठ्यानं हसतात.' आणि ते निबंध तपासायचे कोणी, तर मी! पोरांना जेवायला मिळालं याचा आनंद नव्हता असं नाही. होता. पण तो आनंद माझ्या हातून झालेला नव्हता, आणि ते मला पचत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात मीही इरेला पेटले. गावातून तांदूळ-डाळ जमवली, शाळेत खिचडी शिजवली आणि घंटा वाजवली. एकही पोर आलं नाही. कशी येणार? पोरांची घरं वाळूवर गेलेली. ढिवराची लेक असून मला हे आठवलं नाही, कारण शाळेचं जेवण शाळेत, एवढंच डोक्यात बसलेलं. शेवटी गंज बैलगाडीत घालून नदीत नेला. तरी पोरं लांबूनच बघत उभी. त्यांची ताटं पलीकडे लागलेली होती. तेवढ्यात शीला वाळूतून चालत आली, डोक्यावर पदर, मागे तिची शाळा. खाली बसली आणि ताटली पुढे केली. पहिला घास खाऊन म्हणाली, "मीठ कमी हाये." आणि दोनदा घेतली. मग सगळी पोरं बसली. त्या दिवशी सगळा गंज संपला. मला मात्र एकच दिसत होतं, की माझी खिचडीसुद्धा ती आली म्हणून खाल्ली गेली. घरी येऊन मी नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तुले का पाहिजे, पोट्टे जेवलेले का तू जिंकलेली?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

यंदा उलटं झालं. ती जानेवारीत गेली आणि एप्रिलमध्ये यादी आली. आमचा तालुका दुष्काळी, तिचा नाही. तांदूळ, डाळ, तेल, गॅस, सगळं वेळेवर उतरलं. मी वाळूवरच मांडव घातला. पहिल्याच दिवशी तिची पोरं आली, चपला आणि ताटल्या हातात धरून, पाण्यातून. माझ्या पोरांनीच त्यांना बोलावलं होतं. त्यांच्यापुरता तांदूळ आमच्या गावानं दिला, मला मागावंही लागलं नाही. तिच्या शाळेतली एक चुणचुणीत मुलगी ताटली पुढे करून म्हणाली, "मॅडम, अजून द्या ना." मी दिलं. इतकी वर्षं मला हेच हवं होतं. तिच्या पोरांनी माझ्याकडे यावं, आणि माझ्याकडे मागून खावं.

शीलाची एक सवय होती. शेवटचं पोर उठलं की ती शाळेच्या ओट्यावर येऊन उभी राहायची आणि माझ्या काठाकडे तोंड करून हात हलवायची. काहीतरी ओरडायचीही. एवढ्या लांबून शब्द पोचत नसत, नुसता हात दिसायचा. यंदा पहिली पंगत उठल्यावर मी मांडवाबाहेर आले आणि कपाळावर हात धरून पलीकडे पाहिलं. ओट्यावर ऊन पडलं होतं. दार बंद.

"मॅडम, तिकडं का पाहून राह्यल्या?" त्या मुलीनं विचारलं.

काही नाही म्हटलं, ताटली धुऊन घे. जन्मभर मी तिचा हेवा केला… एक दिवस, हा एवढा एकच, तिनं माझा करायला हवा होता.