राजक्कानं गुंडाळलेली तार

मेलेल्या माणसाच्या गाडीला तुम्ही खंडेनवमीला हार घालता, हळदकुंकू वाहता. मग तिच्या टाकीत पेट्रोल का घालत नाही? प्रश्न उद्धट वाटला तर वाटू द्या. आपल्या सोलापुरात गल्लोगल्ली अशा गाड्या चादरीखाली उभ्या आहेत, आणि त्यांच्या शेजारी तशाच झाकलेल्या बायका बसलेल्या आहेत. त्यातली एक उठली होती. तिचं नाव राजव्वा. मी तिला राजक्का म्हणायची. गेल्या महिन्यात ती गेली. मी छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ वाचत होते, तेव्हा तिचा दीर व्यंकटेशम सायकल हातात धरून दारात येऊन उभा राहिला. छपाईच्या आवाजात त्याचं बोलणं ऐकू येईना. शेवटी मशीनवाल्यानं यंत्र थांबवलं आणि त्या शांततेत व्यंकटेशम म्हणाला, "वहिनी गेली."

आमचं आणि तिचं घर एकाच भिंतीला टेकलेलं. भिंतीच्या अलीकडे माझ्या वडिलांची पत्रकं. गिरणी कामगारांच्या सभांची, संपांची, लाल-निळ्या स्वस्त कागदावरची. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. भिंतीच्या पलीकडे व्यंकटेशमचे माग. त्यांचा खडखडाट इतका सततचा होता की तो थांबला की आम्हाला जाग यायची. माग आणि भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत राजक्का रहाट फिरवत बसलेली असायची. लडीवरचं सूत रहाटानं कांडीवर भरायचं, कांडी धोट्यात जायची, धोटा मागात इकडून तिकडे धावायचा, आणि संध्याकाळपर्यंत तिचं सगळं सूत कुणाच्या तरी चादरीत नाहीसं झालेलं असायचं. दुपारी छपरातल्या काचेतून एक तिरीप तिच्या हातांवर पडे आणि त्या उजेडात कापसाची धूळ तरंगत असे, अगदी संथ, पाण्याखाली असल्यासारखी. लहानपणी मला ती फार सुंदर वाटायची. तीच धूळ माणसाच्या छातीत जाऊन बसते, हे नंतर कळलं.

तिचा नवरा मलेशम मात्र मागावर बसत नसे. त्याची जुनी मोटारसायकल होती. तिच्यावर चादरींचे गठ्ठे बांधून तो आठवड्याचे बाजार करायचा. अक्कलकोटच्या बाजाराला राजक्काला बरोबर न्यायचा, गठ्ठा सांभाळायला. ती त्याच्यामागे, काष्टा घट्ट खोचून, पुरुषासारखी दोन्हीकडे पाय टाकून बसायची. तेवढा एक दिवस ती धुळीच्या बाहेर असायची. मग मोठ्या दुष्काळाच्या आदल्याच वर्षी मलेशम तापानं गेला, आणि गाडी पडवीत चादरीखाली गेली. खंडेनवमीला तिला झेंडूचा हार पडला. पुढच्या खंडेनवमीलाही पडला. राजक्काचा आठवड्यातला तो एक दिवसही रहाटाला मिळाला.

व्यंकटेशम वाईट माणूस नव्हता, हे मला लिहिलंच पाहिजे, कारण आम्ही पत्रकं लिहिणारे लोक वाईट माणूस फार लवकर शोधतो. त्याचं म्हणणं असं, की गाडी उभ्याउभ्या गंजतेय, मी ती दुरुस्त करून घेतो, मीच बाजार करतो, आणि वहिनीला घरात बसून दोन घास मिळतील. राजक्काला ते दोन घास नको होते. तिला लिंबाच्या झाडाखालची अक्कलकोटची ती बसायची जागा हवी होती. तिनं एवढंच सांगितलं, की बाजार मी करीन. व्यंकटेशम हसला नाही. तो म्हणाला, बाजार मोडतो दिवस मावळताना. अंधारात या रस्त्यानं परत कशी येशील? गाडीचा दिवा टिकत नाही. दसऱ्याच्या आत दिव्यासकट एकदा अक्कलकोटला जाऊन ये, गाडी तुझी. नाहीतर दसऱ्याला मी नेतो.

गाडी सुरू व्हायची, पण थोडा वेळ चालू राहिली की दिवा पिवळा, मग तांबूस, मग काहीच नाही, आणि इंजिनही बंद. आम्ही दोघींनी ती ढकलत विजापूर वेशीजवळच्या बाबूभाईंकडे नेली. बाबूभाई गाड्यांचं विजेचं काम करायचे. म्हातारे, मेंदी लावलेली दाढी, आणि बोलता बोलता दुसऱ्याच विचारात जाण्याची सवय. त्यांनी डायनामो उघडला, आतली कॉइल नखानं खरवडली, वास घेतला आणि आमच्या नाकाशी धरला. जळलेल्या लाखेचा वास. गाडी पळते तेव्हा डायनामो वीज करतो आणि बॅटरीला देतो. इथे डायनामो मुका झालेला, बॅटरी एकटीच खर्च होत होती. नवी कॉइल मुंबईहून मागवावी लागेल, आणि ते राजक्काला झेपणारं नव्हतं. बाबूभाईंनी थोडा विचार केला आणि विचारलं, "अक्का, तुम कांडी भरते ना? फिर ये भी भरो की."

त्यांनी दुसऱ्या एका मोडक्या यंत्रातली तार दिली, जळक्या कॉइलच्या आकाराचा लाकडी ठोकळा करून दिला. राजक्कानं तो रहाटाच्या चातीवर, कांडी बसते त्या फिरत्या दांडीवर, बसवला. जुनी कॉइल उलगडताना वेढे तिनं ओठांतल्या ओठांत मोजले होते, तेलुगूत. ते आकडे गाण्यासारखे वाटायचे. तांब्याची तार रहाटावर चढू लागली तेव्हा ती सूत नाही हे विसरायला होत होतं. दुपारच्या तिरिपीत ती लालसर झळकत होती आणि राजक्काचा डावा हात आपोआप पुढे-मागे, पुढे-मागे झुलत होता... मला बसल्या जागी डुलकी लागली. जाग आली तेव्हा कॉइल तयार होती. देखणी होती. ती घेऊन आम्ही बाबूभाईंकडे गेलो, त्यांनी ती हातात घेतली आणि इतके हसले की खोकला लागला.

"क्या अक्का, इसकू धोटे में डालनेका है क्या?"

तिनं कांडीच भरली होती. मधे फुगीर, टोकाला निमुळती, वेढ्यावर तिरका वेढा. म्हणजे धोटा धावताना सूत कुठे अडू नये, सरसर सुटत यावं. जन्मभर तिचा हात तेच करत आला होता. डायनामोच्या आत ती फुगीर कॉइल बसेचना. बाबूभाई डोळे पुसत म्हणाले, "कांडी का धागा बाहर आना होना. ये तार कबीच बाहर नै आना."

परत येताना मला वाटलं, तिला लागलं. पण वेशीपाशी आल्यावर ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "इमल, मी एवढ्या कांड्या भरल्या, एक बी माझ्यापाशी ऱ्हायली न्हाय. ही ऱ्हाईल म्हनतो की तो."

दुसऱ्या खेपेला तिनं झुलणारा डावा हात गुडघ्यानं दाबून धरला. वेढ्याला वेढा चिकटून, सपाट, एक थर पुरा झाला की दुसरा. दोन थरांच्या मधे कागद घालायला बाबूभाईंनी सांगितलं होतं. तिनं भिंतीकडे तोंड करून मला हाक मारली आणि शिल्लक पत्रकं मागितली. कोणतं पत्रक, असं मी विचारलं. पातळ असेल ते, ती म्हणाली. मी माझं पहिलं पत्रक नेलं, बिडी कामगार बायकांच्या मजुरीवरचं. त्यावर मी फार जीव तोडला होता. तिनं त्याच्या पट्ट्या कापल्या आणि तारेच्या थरांत घालत गेली. एक पट्टी उजेडाला धरून वाचायचा प्रयत्न केला, आणि म्हणाली, "तुझं पत्रक कामाला आलं की. एरवी लोक वाचत्यात आन त्यातच शेंगा बांधत्यात." मला राग यायला हवा होता. पण माझे शब्द तांब्याखाली एकेक थर झाकले जात होते आणि मला ते बघत राहावंसं वाटत होतं.

वर सुती पट्टी गुंडाळली, लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिच्यात कॉइल बुडवली आणि वाळायला पत्र्यावर ठेवली. सोलापूरच्या उन्हासारखी भट्टी कुठे मिळणार? ती वाळत होती तोवर राजक्का गाडी शिकली. सकाळी गल्लीत ताण्याचं सूत लांबवर ताणून खळ लावत. ते उचललं की दुपारची रिकामी गल्ली तिची. बॅटरी बाबूभाईंनी भरून दिलेली. नवऱ्याच्या पाठीमागे बसून गियर कधी पडतो हे तिच्या अंगाला ठाऊक झालेलंच होतं. गल्लीतले पुरुष दारात येऊन शेरे मारायचे. एकानं विचारलं, अक्का, आता मिशा कधी लावणार? ती वळण घेऊन परत आली आणि म्हणाली, "तुझ्या उतरव, लावते."

दसरा तोंडावर आला तेव्हा डायनामो बसवला. गल्ली जमली होती. व्यंकटेशम उंबऱ्यावर उभा होता. किल्ली फिरवली की दिव्याच्या कवचावर एक बारीक तांबडा दिवा लागायचा. डायनामो वीज करू लागला की तो विझायला हवा. राजक्कानं किक मारली, इंजिन सुरू झालं, तिनं मूठ पिळली... तांबडा दिवा तसाच. पुन्हा पिळली. तसाच. इंजिन ओरडत होतं आणि तो बारीक तांबडा ठिपका तिच्याकडे बघत होता. व्यंकटेशम हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता, वहिनी." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. ती इंजिन बंद करून विजापूर वेशीकडे चालू लागली. परत आली ती बाबूभाईंना घेऊन. त्यांनी कॉइल पाहिली, वायरी पाहिल्या, आणि त्यांना कुठे चूक दिसेना. मग ते स्वतःशीच मान हलवत म्हणाले, "सब सही है. लोहा भूल गया. थोडी याद देना पडता."

डायनामोच्या लोखंडात म्हणे चुंबकाचा थोडासा अंश उरलेला असतो, आणि तेवढ्या आठवणीवर तो वीज करायला सुरुवात करतो. फार दिवस पडून राहिला, उघडला, ठोकला, की ती आठवण पुसते. मग बॅटरीची तार क्षणभर लावून त्याला ती परत द्यायची. बाबूभाईंनी तार राजक्काच्या हातात दिली. तिनं ती टेकवली, एक निळी ठिणगी उडाली, इतकंच. पुन्हा किक. तांबडा दिवा लागला. तिनं मूठ पिळली आणि तो फिका झाला, अजून फिका, आणि नाहीसा झाला. गल्लीत कुणाला काही कळलं नाही. व्यंकटेशम म्हणाला, "इझला की." बाबूभाई म्हणाले, "इझला म्हणूनच चालू हाय."

दसऱ्याआधीच्या त्या बाजाराला मी तिच्यामागे मलेशमच्या शिल्लक चादरींचा गठ्ठा धरून बसले. अक्कलकोटला लिंबाखाली कानडी बोलणाऱ्या बायकांनी सरकून तिला जागा दिली, जणू ती मागच्याच आठवड्यात येऊन गेली होती. येताना सूर्य समोर बुडाला. तुरीची शेतं आधी निळी झाली, मग नुसता वास उरला. तिनं दिवा लावला. चढाला गाडी मंदावली की उजेड पिवळा व्हायचा, उताराला पांढरा, जणू कुणीतरी आमच्या पुढे श्वास घेत चाललं होतं. त्यात किडे चमकून जात. ती तेलुगूत काहीतरी पुटपुटत होती. मी कान दिला, तर वेढे मोजत होती. मला वाटलं, हा रस्ता संपूच नये... गल्लीच्या तोंडाशी व्यंकटेशम बसला होता, जेवलेला नव्हता. त्यानं गठ्ठा उचलून पाहिला, हलका झालेला. "दिवा लांब पडतोय," तो म्हणाला. पुढच्या बाजाराला त्यानं स्वतःच्या मागाच्या चादरी तिच्याकडे विकायला दिल्या.

मला तिच्यावर पत्रक काढायचं होतं, तिनं काढू दिलं नाही. बाजार ती करत राहिली, यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत. आठवड्याचे बाकीचे दिवस मात्र रहाटावरच जात होते, आणि त्या दिवसांनी आपलं काम केलं. शेवटी शेवटी तिला दोन वाक्यं सलग बोलवत नव्हती. डॉक्टर दमा म्हणत. माग चालवणाऱ्या प्रत्येक घरात हा दमा आहे आणि तो आभाळातून पडत नाही, एवढं तरी मी इथे छापून घेणारच.

ती गेल्यावर व्यंकटेशमनं गाडीवर नवी कोरी चादर घातली, घरातली सगळ्यात चांगली. कुणी हात लावायचा नाही म्हणाला. मी भांडले. माझे पाय धड जमिनीला टेकत नाहीत, त्याला आता या वयात गाडीची भीती वाटते, मग चालवणार कोण, असं तो विचारत होता आणि रडत होता. शेवटी म्हणाला, चालवणारी बाई आण, किल्ली देतो.

गेल्या बाजाराला मी एसटीनं अक्कलकोटला गेले. लिंबाखाली तिच्या शेजारी मिरच्या घेऊन बसणारी गंगव्वा माझ्या मागे बघत राहिली आणि तिनं विचारलं, "राजव्वा बरलिल्ला?" आली नाही का? मला सांगावं लागलं. तिनं तराजू खाली ठेवला, एक रिकामं पोतं झटकलं आणि राजक्काच्या जागेवर अंथरलं, कुणी बसू नये म्हणून. बाजार मोडेपर्यंत लोक त्या पोत्याला वळसा घालून जात होते. गंगव्वाचं मन मला कळतं. पण ज्या जागेसाठी राजक्का उठली, ती अशी मानानं रिकामी राहिलेली मला बघवत नाही. म्हणून हे वाचणाऱ्या बायांनो, तुमच्यातल्या जिच्यापाशी विकायला काहीही असेल, चादर, चटणी, चार वांगी, तिनं पुढच्या बाजाराला अक्कलकोटला जावं, लिंबाखालचं ते पोतं घडी करून गंगव्वाच्या हातात द्यावं, आणि तिथे बसावं.