कच्च्या दुधाची गिऱ्हाइकं

पहिलीपासून आम्ही दोघी एका बाकावर. मी पुढं शिकले, शाळेत विज्ञान शिकवायला लागले. ती लग्न होऊन आमच्याच पेठेत दोन गल्ल्या पलीकडं एका गोठेवाल्याच्या घरी गेली. नवरा गेल्यापासून दोन म्हशींवर तिचं घर चालतं. आवाज असा, की गोठ्यात बोलली तरी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ऐकू यावं. आमच्याकडच्या कितीतरी बायकांसारखी तीही ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलते.

आमचं वाजलं ते कोरोनाच्या लशीवरून. तिनं लस घेतली नाही. मी तिला समजावलं, चिडले, वर्गात समजावते तसं हातवारे करून पुन्हा सांगितलं. ती आपली वैरण कापत बसलेली. शेवटी म्हणाली, “माझ्या अंगात काय टोचायचं ते मी ठरवणार. तू तुझ्या पोरास्नी शिकव जा.” तेव्हा माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, श्वास पुरत नव्हता. मीही सुनावलं, “मग लस घेईपर्यंत माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाहीस.” मी बोलले ते बरोबरच होतं. आज वेळ आली तर परत तेच बोलेन.

पण या बाईला काय म्हणावं? तिनं राग धरला नाही. रोज यायची, फाटकाबाहेर दुधाची किटली ठेवायची, चार हात मागं सरायची आणि रस्त्यावरूनच ओरडायची, “म्हातारी कशी हाय गं?” मी सांगायचे, ती मान हलवून जायची. लस न घेतलेले आणखी चार जण माझ्या ओळखीत होते. ते मास्क हनुवटीखाली ओढून माझ्याच सोफ्यावर बसायचे आणि अंगची ताकद कशी असते ते मलाच शिकवायचे. त्यांना बघितलं की माझं डोकं फिरायचं. हिनं मात्र नाही म्हटलं आणि त्या ‘नाही’चा भार स्वतःच उचलला. सासूबाई त्याच वर्षी वयानं गेल्या. त्या दिवशीही ती रस्त्यापलीकडं उन्हात उभी होती, सगळे पांगेपर्यंत. मला तिचा रागही येत होता आणि तिला बघून ऊरही भरून येत होता.

पुढं सगळं निवळलं. ती पुन्हा घरात यायला लागली, चहा व्हायला लागला, सुनांच्या आणि विहिणींच्या उखाळ्यापाखाळ्या सुरू झाल्या. लशीचा विषय तेवढा दोघीही टाळायचो. दुखऱ्या दाताच्या बाजूनं चावू नये, तसं चाललं होतं.

मग गेल्या उन्हाळ्यात तिची मोठी म्हैस आजारी पडली.

त्याच्या महिनाभर आधी एक मोकाट कुत्रं गोठ्यात शिरून म्हशीच्या नाकाडाला चावलं होतं. हिनं हळद दाबली आणि विसरून गेली. आता म्हशीनं वैरण सोडली, तोंडातून लाळ गळायला लागली, घास गिळेना. हिला वाटलं, घशात आंब्याची कोय अडकली. जित्राबं पाळणाऱ्या कुणालाही आधी तेच वाटतं. तिनं बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात म्हशीच्या तोंडात घातला, एकदा नाही, दोनदा. विळ्यानं कापलेली बोटं तशीच उघडी होती. कोय काही सापडली नाही. जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत म्हैस धडका मारायला लागली होती, आणि दुसऱ्या दिवशी ती मेली.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की लक्षणं पिसाळल्याची दिसतात. तपासणी होईल तेव्हा होईल, पण तुम्ही आजच दवाखाना गाठा. उकळलेल्या दुधाला भ्यायचं कारण नाही. कच्चं दूध पिणाऱ्यांनाही धोका थोडाच, पण हा आजार एकदा उमटला की त्याला औषध नाही, तेव्हा त्यांनीही टोचून घेतलेलं बरं.

आता आमच्या गावात धारोष्ण दुधाचं केवढं वेड आहे ते सांगायला नको. सकाळी माणसं पेला घेऊन म्हशीपाशी उभी राहतात, धार थेट पेल्यात, आणि फेसासकट तिथंच घटाघट. हिच्याकडं अशी आठ-दहा गिऱ्हाइकं होती, आणि तिच्या दुधाचं नाव त्यांच्यामुळंच होतं. शेजारच्या एका शहाण्यानं तिला हळूच सांगितलं, “मावशी, म्हस गेली ती गेली. बोंब कशाला मारतासा? उद्यापासनं एक माणूस फिरकायचा न्हाय दारात.”

“न्हाय फिरकू दे,” ती म्हणाली, आणि चपला घालून निघाली.

घरोघर गेली. माझ्या गल्लीत आली तेव्हा मला आतूनच ऐकू आलं, “माझी म्हस पिसाळून मेली. माझ्यातलं कच्चं दूध प्यालेलं कोण असतील, त्यांनी आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जावा.” कुणी शिव्या घातल्या, कुणी दार आपटलं. एका सुनेनं तर पोराला छातीशी धरून रडूनच घेतलं. ही सगळं ऐकून घेत होती आणि पुढच्या दाराची कडी वाजवत होती. बायकांनी धाडस दाखवलेलं मी पुष्कळ पाहिलंय, पण ज्यानं आपलीच चूल विझेल ते तोंडानं ओरडत फिरणं मी पाहिलं नव्हतं.

मी बाहेर येऊन तिला धरलं. “आणि तू? तू घेतलीस?”

“बघू. आधी गिऱ्हाइकं.”

माझा पारा चढला. “हात तू घातलास तिच्या तोंडात. बोटं तुझी कापलेली. मरायचंय काय तुला?”

“माझं मी बघतो,” म्हणाली आणि निघून गेली. पाच वर्षांपूर्वीचाच तो सूर होता. रस्त्यातच दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं मला.

दुपारी तीच माझ्या दारात आली. बाकी सगळे दवाखान्यात गेले होते, एकटे पैलवान अडून बसले होते. हे आमच्या पेठेतले म्हातारे पैलवान, तिच्याकडचं कच्चं दूध सगळ्यांत जास्त पिणारे. “तू शिकलेली हाईस,” ती मला म्हणाली, “चल, त्यास्नी सांग.”

मी गेले, माझं सगळं विज्ञान त्यांच्यापुढं मांडलं. पैलवानांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि तिच्याकडं बघून म्हणाले, “अक्का, तू घेतलीस काय?”

तिनं कापलेली बोटं पदराखाली घेतली.

“कोरोनात तू न्हाय घेतलीस, म्हणून मी बी न्हाय घेतली. आत्ता बी तू न्हाय, तर मी न्हाय.”

“मी कवा सांगितलं तुम्हास्नी घेऊ नका म्हणून?”

“सांगितलं न्हाईस. पण मी बघत हुतो की.”

माझी मैत्रीण खाली बसली. आपल्या अंगाचं आपण ठरवायचं, हे तिचं म्हणणं पक्कं होतं, आणि त्याची किंमत ती एकटीच मोजत आली होती. तिच्याकडं बघून दुसरंही कुणी ठरवतंय, हे तिला त्या दिवशी कळलं. मग ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, “चला, पैलवान.”

सरकारी दवाखान्यात रांग होती. तिचा नंबर आला तेव्हा पैलवानांना तिनं समोर भिंतीला उभं केलं आणि स्वतः स्टुलावर बसली. दंडावर एक सुई, आणि लाळ लागलेल्या जखमांमध्ये वेगळं औषध, बोटाबोटांत. बघणाऱ्यालाही सोसत नव्हतं. ती सुईकडं बघत नव्हती, डॉक्टरांकडंही नाही. नजर पैलवानांवर रोखून बसली होती, चेहऱ्यावरची रेघ हलू न देता. झाल्यावर उठली आणि म्हणाली, “काय न्हाय हुईत. बसा.” पैलवान मुकाट्यानं बसले.

बाहेर येऊन आम्ही पायरीवर बसलो. पैलवान पाणी प्यायला गेले, आणि ते दिसेनासे झाल्याबरोबर तिनं माझा हात पकडला. तिचा तळवा घामानं निथळत होता.

“मला सुईचं लई भ्या वाटतं गं,” ती म्हणाली. “पहिल्यापासनं. कोरोनात बी त्याच भ्यानं न्हाय घेतली. भ्यालो म्हणायची लाज वाटली, म्हणून भांडलो तुझ्यासंगं.”

इतकी वर्षं मी मनातल्या मनात तिच्याशी लशीवर वाद घालत होते, आणि ती लशीबद्दल कधी बोलतच नव्हती. मी तिचा हात घट्ट धरला.

“तीन दिवसांनी दुसरी आहे,” मी म्हटलं. “मग पुढं अजून. जमेल तुला?”

“न्हाय जमायचं,” ती म्हणाली. डोळे पुसले, पैलवान येताना दिसले तशी ताठ बसली. “पण येतो की. माझ्याबिगर पैलवान यायचे न्हाईत.”