दोन बोटांची ढोलकी

यल्लाप्पाचा डावा खांदा संक्रांतीच्या सुमारास धरला आणि उन्हं तापायला लागली तरी सुटायचं नाव घेईना. डॉक्टर म्हणाले, "जोराचं काही करायचं नाही. काय करता तुम्ही?" यल्लाप्पानं सांगितलं, "ढोलकी." डॉक्टरांनी मान वर करून त्याच्या पांढऱ्या मिशा पाहिल्या. "मग ती बंद," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

यल्लाप्पाच्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळलं नसतं. उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेला माणूस. मशीनच्या आवाजात बोलून उपयोग नसतो हे त्यानं तरुणपणीच ओळखलं, आणि पुढं मशीन बंद असलं तरी तो बोलायचा कंटाळाच करू लागला. कोल्हापुरात राहून हळू आणि थोडकं बोलणारा माणूस आजारीच असणार, अशी शेजारच्या धोंडुबाईची जुनी खात्री होती. खांदा धरल्याचं ऐकून तिला समाधान वाटलं.

दुखणं खांद्याचं होतं, पण काळजी वेगळीच होती. बाबासाहेबांच्या जयंतीला संध्याकाळी वसाहतीतल्या विहारासमोर गाण्यांचा कार्यक्रम होतो, आणि त्यात पहिलं गाणं तानूबाईचं. तानूबाई ही यल्लाप्पाची थोरली बहीण. कोडोलीला दिलेली, नवरा गेल्यावर माहेरच्या गल्लीत परत आलेली, भावापासून दोन घरं सोडून राहणारी. माईक लावला काय, न लावला काय, तिचा आवाज रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यापर्यंत पोचायचा. गाणं दोघांच्या वडिलांनी जुळवलेलं. वडिलांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते लेकीकडून पाठ करून घेतलं: 'पाटी दिली हाती बाई, बाबांनं पाटी दिली.' वडिलांचं म्हणून घरात दुसरं काही उरलं नव्हतं, फोटोसुद्धा नाही. ते गाणं सुरू झालं की वर्षातनं एकदा वडील येऊन बसल्यासारखं तानूबाईला वाटायचं. ढोलकीवरच्या यल्लाप्पालाही वाटायचं. दोघं भावंडं हे एकमेकांना कधी बोलली नव्हती.

दुसरे ढोलकीवाले आणून पाहिले. पहिला कसबा बावड्याचा, बक्षिसं मिळवलेला. तानूबाईनं दुसऱ्याच कडव्याला हात वर करून त्याला थांबवलं. "ह्यो पळालाय," ती म्हणाली. "कुत्रं मागं लागल्यागत पळालाय." त्याच्यानंतर आलेला ते ऐकून मुद्दाम सावकाश वाजवू लागला. त्याला म्हणाली, "ह्यो झोपलाय. उठवा आणि घरला पाठवा." दोघंही जयभीम घालून गेले, ते परत आले नाहीत.

मग उत्सव समितीचा अध्यक्ष संघर्ष यल्लाप्पाच्या दारात आला. तिशीचा, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा. माणूस वाईट नाही, फक्त कायम घाईत.

"नाना, आता सगळी ट्रॅकवर गात्यात. वाजवणारा नगं, काय नगं. बटण दाबलं की झालं. न्हायतर पैल्या गाण्याला डीजे लावायचा म्हणत्यात पोरं."

"ट्रॅक कुठं मिळतोय?"

"तुमच्या गाण्याचा कुठं मिळंल? वडलांनी काय क्यासेट काढलीती काय? त्यो बनवाय लागतोय."

"बनवतो," यल्लाप्पा म्हणाला.

नानांना आता ऐकूही कमी येतंय, असं समजून संघर्ष निघून गेला.

घरात टॅब होता. सून संघप्रियानं लॉकडाऊनमध्ये बी.एड.च्या ऑनलाइन तासांसाठी घेतलेला. नंतर तो फ्रिजवर जाऊन बसला, तो कधीमधी रेसिपी बघायलाच खाली यायचा. तिनं त्यात गाणी बनवायचं अ‍ॅप उतरवून दिलं, नवशिक्यांसाठीचा एक हिंदी व्हिडिओ लावून दिला आणि शाळेत शिकवायला गेली. व्हिडिओतला मुलगा सुरुवातीलाच म्हणाला की हे अगदी सोपं आहे, घाबरायचं काही कारण नाही. तोवर यल्लाप्पा घाबरला नव्हता.

संध्याकाळी सून परत आली तेव्हा पडद्यावर रंगीत पट्ट्यांची चळत लागली होती.

"मामा, हे काय केलंसा?"

"दाबत गेलो."

"एवढी वाद्यं?"

"व्हय. वाजत एकबी न्हाय."

संघप्रियानं सगळं पुसलं आणि वर्गात शिकवावं तसं शिकवलं. एक पट्टी म्हणजे एक वाद्य. वरचा आकडा म्हणजे वेग. ही टिकटिक चालू ठेवायची आणि तिच्याबरोबर वाजवायचं. चुकलं तर हा मागे फिरणारा बाण दाबायचा, की चूक झालीच नव्हती. या बाणाकडं यल्लाप्पा बराच वेळ बघत राहिला. लेथवर काप जास्त गेला की गेला, मालक शिव्या देणार आणि तुकडा भंगारात. इथं नुसतं बोट लावायचं. एवढी सोय असूनही जगात वाईट गाणी का निघतात, हे त्याला समजेना.

अ‍ॅपमधली तयार ढोलकी रॉकेलच्या डब्यासारखी वाजत होती. म्हणून त्यानं स्वतःचीच ढोलकी भरायची ठरवली. उजव्या हातानं एकेक ठोका मारायचा आणि टॅबमध्ये साठवायचा. घुमाऱ्याच्या, म्हणजे डाव्या हाताच्या जाड आवाजाच्या बाजूसाठी ढोलकीच उलटी फिरवून घेतली. सगळं झाल्यावर वाजवून बघितलं तर दर धूमला बारीक आवाजात 'पाणी आ' असं ऐकू येत होतं. ठोका भरताना नळाला पाणी आलं होतं आणि धोंडुबाईनं ते गल्लीला कळवलं होतं. संघप्रिया ओढणी तोंडाला लावून आत गेली. यल्लाप्पानं दार-खिडक्या लावून धूम पुन्हा भरली.

मग त्याला ते बटण सापडलं. वाकडा पडलेला ठोका उचलून पडद्यावरच्या टिकटिकीच्या रेघेवर बरोबर नेऊन बसवणारं. सुताचाही फरक खपवून न घेण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला हे फार आवडलं. त्यानं सगळा ट्रॅक रेघेवर आणला. खाली टाळ घातले. ऐकताना त्याची मान आपोआप हलू लागली, आणि आपण चांगले वाजवणारे आहोत असं त्याला बऱ्याच दिवसांनी वाटलं.

विहारात तालीम ठेवली. संघर्ष होता, समितीची पोरं होती, आणि तानूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती, तालीम असली तरी. ट्रॅक सुरू झाला. पहिली ओळ झकास गेली. 'पाटी दिली हाती बाई' म्हणून तानूबाईनं श्वास घेतला, आणि ढोलकी पुढं निघून गेली. तानूबाई मागनं आली. पुढच्या ओळीला आणखी मागं पडली. दुसऱ्या कडव्यात ढोलकी एका गल्लीत आणि तानूबाई दुसऱ्या गल्लीत अशी गत झाली. मागं बसलेली दोन पोरं मोबाईलमध्ये तोंड घालून हसली.

"मशीन बिघडलंय," तानूबाई म्हणाली.

संघर्षनं पुन्हा लावलं. मशीन पुन्हा तिथंच बिघडलं. मग त्यानं शिवानीला बोलावलं. कॉलेजात जाणारी, गळा चांगला. तानूबाईचं गाणं लहानपणापासून ऐकून तिला पाठच होतं. शिवानी ट्रॅकबरोबर शेवटपर्यंत नीट म्हणाली.

बाहेर चपला घालताना संघर्षनं यल्लाप्पाला गाठलं. "नाना, ट्रॅक एक नंबर झालाय. गाणं तेच, ट्रॅक तुमचा, निस्तं शिवानी म्हणंल. आज्जींना पैल्या रांगेत खुर्ची देतो. हार घालतो."

जिवंत माणसाला हार घालून खुर्चीत बसवायचं म्हणजे काय, हे यल्लाप्पाला बरोबर समजलं.

संघप्रियाच्या मोबाईलवर गेल्या जयंतीच्या गाण्याचा व्हिडिओ होता. त्यानं तो तिच्याकडून टॅबमध्ये घेतला आणि रेघांवर ठेवून बघितला. त्यात ढोलकी त्याचीच होती. पहिल्या ओळीपर्यंत ठोके रेघेवर होते. तानूबाईच्या श्वासाला मात्र ठोका रेघ सोडून पुढं सरकलेला. पुढच्या श्वासाला पुन्हा. आधी त्याला वाटलं, टॅब चुकतोय. मग बोटांवर मोजलं. टॅबचं बरोबर होतं. अक्का श्वास घ्यायला थांबायची आणि आपला हात तिच्यासाठी थांबायचा, एखादी मात्रा, कधी दीड. ती आली की हात पुन्हा चालू. इतकी वर्षं हे चाललं होतं आणि हातानं ते मालकाला सांगितलंही नव्हतं.

म्हणजे तानूअक्काला ताल नव्हता. नव्हताच कधी.

हे तिला सांगायचं म्हणून तो तिच्याकडं गेला. तानूबाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. त्यानं तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "माझंच चुकलं असंल रं यल्ल्या. वय झालं. म्हणू दे त्या पोरीला."

यल्लाप्पाला धक्का बसला. तानूबाईनं आपलं चुकलं असं म्हटल्याचं त्यानं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. नवरा गेला तेव्हाही ती डॉक्टरशीच भांडली होती. असली शहाणी, समजूतदार तानूअक्का त्याला नको होती.

"वडलांचं गाणं हाय. कोणबी म्हटलं तर काय हुतंय?" ती पुन्हा म्हणाली आणि लसणाची पाकळी सालासकट पातेल्यात टाकली.

यल्लाप्पानं चहा घेतला आणि काही न सांगता घरी आला.

नवशिक्यांच्या व्हिडिओतला एक धडा त्यानं सोडून दिला होता. पडद्यावर चौकोन येतात, बोट लावलं की ठोका वाजतो. त्या मुलानं हे पोराटोरांना गंमत म्हणून दाखवलं होतं. यल्लाप्पानं तो धडा आता लावला. टिकटिक बंद केली. रेघेवर बसवणारं ते लाडकं बटणही बंद केलं, जरा जड मनानं. एका चौकोनात घुमारा ठेवला, शेजारच्यात दुसऱ्या बाजूचा ता. उजव्या हाताची दोन बोटं. खांदा हलवावाच लागत नव्हता. गेल्या सालची तानूबाई सुनेच्या मोबाईलवर गाऊ लागली आणि तो बोटांनी तिच्यामागनं चालू लागला. तिसऱ्या दिवशी बोटं थांबायला शिकली.

मग तो संघर्षच्या दुकानात गेला. "ट्रॅक सुधारलाय. अक्काच म्हणंल."

"आणि परत घोटाळा झाला तर?"

"मधनंच शिवानीला उठीव. मी काय बोलणार न्हाय."

तानूबाईला यायला लावण्यात सगळ्यात जास्त त्रास झाला. ती नाहीच म्हणत होती. शेवटी यल्लाप्पा म्हणाला, "अक्का, मशीनमधी बिघाडच हुता. मी काढलाय." यावर ती ताठ बसली. "मी म्हटलंतं की न्हाय?"

जयंतीच्या संध्याकाळी विहारासमोर मांडवात बसायला जागा नव्हती. शिवानी स्टेजच्या कडेला तयार उभी होती, म्हणजे तिला तयार उभी केली होती. यल्लाप्पा तानूबाईच्या मागं मांडी घालून बसला, पुढं पाट, पाटावर टॅब, टॅबची वायर स्पीकरला. त्यानं चष्मा पुसला.

तानूबाईनं सुरू केलं. 'पाटी दिली हाती बाई...' तिनं श्वास घेतला. मांडवात तालमीची गोष्ट ठाऊक असलेल्यांनीही श्वास घेतला. यल्लाप्पाची दोन बोटं पडद्याच्या वर थांबली. तानूबाई सावकाश, स्वतःच्या घरात शिरावं तशी पुढच्या ओळीत आली आणि धूम तिच्या पायाखाली बरोबर पडली.

मागच्या लोकांना वाटलं, म्हातारा बहिणीच्या गाण्यात टॅबवर गेम खेळतोय. एकानं तसं बोलूनही दाखवलं. दुसऱ्या कडव्याला तानूबाईचा आवाज मोकळा सुटला, तिसऱ्याला बायका टाळ्या धरायला लागल्या, आणि त्या टाळ्यांना मात्र कुठं थांबायचं ते कळेना, म्हणून त्या आपल्याआपणच बंद पडल्या. शिवानी कडेला उभी राहून पुटपुटत म्हणत होती. तीही दर श्वासाला चुकत होती.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. संघर्ष स्टेजच्या पायरीवर उभा होता आणि तिथनं त्याला यल्लाप्पाची बोटं सरळ दिसत होती. मोबाईल दुरुस्त करणारा माणूस. ट्रॅक वाजताना कुणी चौकोनांवर बोटं आपटत नाही, हे त्याला कळायला वेळ लागला नाही. तो काही बोलणार, तेवढ्यात तानूबाईनं माईक हातात घेतला.

"एक सांगतो," ती सगळ्या वसाहतीला म्हणाली. "ह्यो माझा भाऊ. इतकी वर्षं ढोलकीवर बसलाय. मला कायम वाटायचं, ह्याचं कुठंतरी पुढंमागं हुतंय. पर भाऊ हाय म्हणून बोललो न्हाय. आज मशीन आलं आणि कसं सुतात गाणं झालं बघा. व्हय का न्हाय रं यल्ल्या?"

मांडव हसला. संघर्ष यल्लाप्पाकडं बघत राहिला. यल्लाप्पानं त्याच्याकडं बघून मान थोडी हलवली, नको म्हणून.

"व्हय अक्का," तो म्हणाला. "माझंच चुकायचं."

"खांदा बरा झाला तरी ढोलकीला हात लावू नगंस," तानूबाईनं बजावलं. लोक आणखी एक म्हणा, आणखी एक म्हणा असं ओरडत होते. तिनं पदर सारखा केला, घसा खाकरला आणि पुढचं गाणं म्हणायला श्वास घेतला.

यल्लाप्पा थांबला.